बेचाळिसावी ओळ

कोत्काच्या बंदरापाशी, कागदाच्या गिरणीत
कागद बंद करायचं ठरलं.
यावर कुणी हसायचं नाही, असं संचालक राउतिआयनेननी
बैठकीच्या सुरुवातीलाच सांगितलं,
म्हणून आम्ही कॉफीच्या कपात हसलो.

माझ्याकडे तक्ता आला. तीन कंपन्या, एकेचाळीस ओळी.
शोध. आवृत्त्या. कुणी काय पाहायचं, कुणी काय बदलायचं,
किती वर्षांनी काय आपोआप नष्ट व्हायचं.
प्रत्येक ओळीला वजन, वजनांची बेरीज शंभर.
(बेरीज एकशे दोन झाली, तेव्हा
'वापरायला सोपं' मधून दोन काढले.)

पहिले एस्पोहून आले, दारात बूट आपटून बर्फ झाडत.
दोन लाख पानांतून एक करार
पापणी लवायच्या आत काढून दाखवला.
दहापैकी नऊ.
दुसरे पडद्यावरूनच बोलले, पाठीमागे पुस्तकांचं खोटं कपाट.
स्वस्त होते.
पण सोडून जायचं म्हटलं तर
आपलेच कागद आपल्याला विकत घ्यावे लागतील
हे सदतिसाव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.
पाणी तिथं मुरत होतं.

तिसऱ्यांच्या वेळी तळघरातून आउने तीहोनेन वर आली.
तिला बोलावलं नव्हतं.
एकतीस वर्षं दप्तर राखलेली बाई,
काखेत सुतळीनं बांधलेलं बाड.
गाठ सोडवायला तिनं वेळ घेतला,
आणि आम्ही सगळे, का कोण जाणे, गाठीकडे बघत राहिलो.

बॉयलर क्रमांक चारचा आराखडा, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
कोपऱ्यात पेन्सिलीनं, घाईत:
तिसरी झडप खोटं बोलते.

"हे कुठं ठेवाल?"

तिसऱ्या कंपनीचा योनास, कोवळा पोरगा,
त्यानं पान यंत्राखाली धरलं.
यंत्रानं ते सरळ केलं, पांढरं केलं, डाग पुसले.
डागांबरोबर पेन्सिलही गेली.
त्यानं कुठलीशी खूण काढली, वाक्य परत आलं,
आणि यंत्र विचारू लागलं:
प्रकार? करार, बिल, आराखडा, इतर.
लेखक? तांबडी चांदणी, म्हणजे भरावंच लागेल.
'माहीत नाही' ते घेईना.

राउतिआयनेन म्हणाले, अहो, चार नंबरचा बॉयलर
ब्याण्णव सालीच भंगारात गेला.

"बॉयलर गेला," आउने म्हणाली,
"झडप सहा नंबरला बसवली."

इंजिनिअर सुविलेह्तो उठला
आणि कोट न घालता बाहेर गेला.
उणे चौदा होतं.
खिडकीतून तो बर्फातून पळताना दिसला,
आणि योनासचा पडदा
लेखकाचं नाव मागत तसाच लुकलुकत राहिला.

त्या रात्री मी तक्त्यात बेचाळिसावी ओळ घातली: पेन्सिल.
तिला वजन कुठून द्यायचं? शंभर तर भरलेले.
'संचालकांसाठी आकर्षक आलेख' मधून चार काढले.
तिन्ही कंपन्यांना त्या ओळीत शून्य पडलं,
त्यामुळे निकाल काही बदलला नाही.
एस्पोवाले जिंकले. करार दोन प्रतींत झाला,
आमच्याच कागदावर, शाईनं.

वसंतात आउने निवृत्त झाली.
परवा सहज मी शोधात 'झडप' लिहिलं.
तीनशे बारा नोंदी, बहुतेक बिलं,
आणि त्यांच्या तळाशी ते पान, पेन्सिलीसकट.
प्रकार: इतर.
लेखक: ज्याला ऐकू यायचं तो.
नष्ट करण्याची तारीख, जी नियमानं सात वर्षं असते,
तिथं तिनं लिहिलंय, कधीच नाही.

ती तारीख बदलायची परवानगी
आउनेच्या नावावर नव्हती. ओळ एकोणीस.
ती कुणाच्या नावावरून बदलली गेली
हे यंत्राला माहीत आहे,
आणि मला.